स्पर्धेचे तिसरे वर्ष

स्पर्धा सुरू करायला फारसे काही लागत नाही. एक परिपत्रक, एक समिती, एक ढाल. पहिल्या वर्षी माणसे हौसेने धावतात. दुसऱ्या वर्षी हिशेबाने धावतात. तिसऱ्या वर्षी कोण जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि जे जिंकणार नसतात ते चहाला जातात.

कामाच्या ठिकाणची स्पर्धा बक्षीस समारंभाच्या दिवशी जोखू नये. तिसऱ्या वर्षी तळाला असलेला माणूस काय करतो, ते पाहावे.

*

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने निघाले की आंजी (मोठी) लागते. धाम नदीकाठचे गाव, भोवती पऱ्हाटी. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि बाया वेचणीला निघतात. मजुरी किलोवर. कोणी तिला स्पर्धा म्हणत नाही, पण संध्याकाळी काट्याजवळ प्रत्येकीचे लक्ष दुसरीच्या गाठोड्यावर असते.

काटा वजन मोजतो, म्हणून वजन येते. कापसासोबत वाळली पाने येतात, किडकी कवडी येते, सकाळचे दव येते. दवात वेचलेला कापूस जड भरतो आणि गंजीत पिवळा पडतो. मग जिनिंगवर भाव कापला जातो. वेचणारी लबाड नसते. काट्याने जे मागितले तेच तिने दिलेले असते.

जाणता शेतकरी दर किलोवरच ठेवतो. पण दव उडाल्याशिवाय वेचणी सुरू करू देत नाही, आणि दिवसातून दोनदा शेतातून फिरतो. त्याच्या या रीतीत स्पर्धेच्या आखणीचे अर्धे शास्त्र आले. आकडा हवा. आकड्याला अट हवी. आणि आकडा ज्यातून येतो त्या कामावर नजर हवी.

मोजता येते ते सगळे महत्त्वाचे नसते, हे सर्वांना पटते. मोजायला लागले की तेच महत्त्वाचे होऊन बसते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

*

शहाण्या माणसांनाही हे चुकत नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कर्मचाऱ्यांना एकेका ग्राहकामागे जास्तीत जास्त खाती विकण्याचे लक्ष्य दिले. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावाने खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आले तेव्हा सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढल्याचे उघड झाले आणि बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड बसला.

एक माणूस खोटे वागला तर त्याच्या स्वभावाकडे पाहावे. पाच हजार माणसे एकाच प्रकारे खोटी वागली तर नियमाकडे पाहावे.

*

आंजीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉक्टर आंजी, गौळ आणि तळेगाव या केंद्रांच्या गावांतून वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. कोणत्याही प्राथमिक केंद्राच्या भिंतीवर तक्ते असतात. लसीकरण, प्रसूती, शस्त्रक्रिया. उद्दिष्ट किती, साध्य किती.

या तक्त्यांची सर्वांत कडू चव देशाने १९७६ मध्ये घेतली. आणीबाणीत नसबंदीचे आकडे राज्यांना वाटले गेले. राज्यांनी ते जिल्ह्यांना वाटले, जिल्ह्यांनी शिक्षकांना, तलाठ्यांना, आरोग्य सेवकांना. राज्ये आकड्यांत एकमेकांवर चढाओढ करू लागली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आकडे उद्दिष्टापलीकडे गेले. लोकांचा विश्वास मात्र दवाखान्यावरून उडाला, आणि तो कोणत्याच तक्त्यात नव्हता.

वरून लादलेली कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे केंद्र सरकारने देशभर काढून टाकली ती १ एप्रिल १९९६ पासून. चूक कळायला एक निवडणूक पुरली. ती दुरुस्त करायला वीस वर्षे गेली.

आकडा खाली येता येता जड होतो. मंत्रालयात तो धोरण असतो, जिल्ह्यात आदेश असतो, आणि उपकेंद्रातल्या सिस्टरसाठी तो मार्च महिना असतो.

*

आशाताईंच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो. बाईला प्रसूतीसाठी दवाखान्यात नेले, बाळाला लस मिळवून दिली, क्षयरुग्णाचे औषध पूर्ण केले, की त्याची नोंद होते. सुनेला दवाखान्यात पाठवायला तयार नसलेल्या सासूजवळ बसून तिची समजूत काढली, याला रकाना नाही. पण त्या समजुतीशिवाय पुढचा एकही रकाना भरत नाही.

स्पर्धेचा नियम लिहिण्याआधी एक यादी करावी: आपल्याकडे कोणती कामे आहेत, जी कोणी मोजत नाही आणि जी थांबली तर सगळे थांबेल. त्या यादीतल्या कामाला धक्का लावणारी स्पर्धा कितीही आकर्षक असली तरी लावू नये.

*

काही कामांचे यश म्हणजे काहीच न घडणे. एसटीत विनाअपघात सेवा दिलेल्या चालकांचा सत्कार होतो. फार थोड्या ठिकाणी न घडलेल्या गोष्टीला बक्षीस मिळते, त्यातले हे एक.

डिझेल वाचवणाऱ्या चालकाचे कौतुक महिन्याला करता येते. अपघात टाळणाऱ्याचे कौतुक करायला वर्षे थांबावे लागते. दोन्ही बक्षिसे एकाच माणसाच्या हातातल्या एकाच स्टिअरिंगसाठी आहेत, म्हणून ती एकमेकांना सावरून धरतात. केवळ डिझेलचे बक्षीस असते तर चालकाने उतारावर गाडी बंद करून सोडली असती. केवळ वेळेचे असते तर तो थांब्यावर थांबलाच नसता.

एका आकड्याची स्पर्धा माणसाला वाकडे करते. एकमेकांविरुद्ध ओढणारे दोन आकडे त्याला सरळ ठेवतात.

*

क्रमांक एकालाच मिळतो. पात्रता सगळ्यांना मिळू शकते. स्पर्धा आखणाऱ्याने हे दोन शब्द लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.

केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार सुरू केला. इमारतीची निगा, स्वच्छता, जैव कचरा, जंतुसंसर्गावर नियंत्रण अशा बाबींचे गुण ठरले. जिल्ह्यातल्या पहिल्या प्राथमिक केंद्राला मोठी रक्कम, हे नेहमीचेच. नवे होते ते पुढचे: सत्तर टक्के गुण मिळवणाऱ्या प्रत्येक केंद्राला उत्तेजनार्थ रक्कम. म्हणजे पहिला येण्याची आशा नसलेल्या केंद्रालाही झाडू उचलायला कारण राहिले. बक्षिसातला मोठा वाटा संस्थेच्या सुधारणेसाठी आणि लहान वाटा कर्मचाऱ्यांना, अशीही विभागणी होती. डॉक्टरइतकेच सफाई कामगारानेही ते मिळवलेले असते, हे त्या विभागणीत मान्य केलेले होते.

त्यातही सर्वांत शहाणपणाची पायरी मधली आहे. आधी स्वतःची तपासणी, मग दुसऱ्या केंद्राने केलेली, मग बाहेरच्यांची. दुसऱ्याचा ड्रेसिंगचा ट्रे पाहताना आपला ट्रे आठवतो. परीक्षकाच्या भीतीने जे सुधारत नाही ते परीक्षक झाल्यावर सुधारते.

*

क्रमांकाच्या स्पर्धेत शेजाऱ्याची चूक माझा फायदा असते. म्हणून जिथे एकाने दुसऱ्याला हात द्यावा अशी अपेक्षा आहे, तिथे क्रमांक लावू नये. मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत वरखाली लावण्याची पद्धत २०१३ मध्ये बंद केली. हुशार माणसे हुशार माणसांसोबत एका गटात बसायला टाळाटाळ करतात, अशी तक्रार तोवर जगजाहीर झाली होती.

स्पर्धा गटागटांत लावा आणि गटाच्या आत मदत ठेवा. आणि दरवर्षी गट बदला, नाहीतर गटाची जात होते.

*

३१ ऑगस्ट १९३५ च्या पाळीत सोव्हिएत खाणकामगार अलेक्सेई स्ताखानोव्हने १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले. ठरलेल्या कामाच्या चौदा पट. त्याची छायाचित्रे देशभर लागली. पुढच्या वर्षी इतर कामगारांच्या कामाची प्रमाणे वाढवण्यात आली. एकाच्या विक्रमाचे बिल सगळ्यांनी भरले.

त्याच्या काही वर्षे आधी अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांचे निरीक्षण चालले होते. जास्त काम तर जास्त पैसे, असा हिशेब होता. तरी ते ठरवून एका मर्यादेत काम करत. कोणी जोर लावला की शेजारी त्याच्या दंडावर गुद्दा मारी. मालकाला तो आळस वाटला. कामगारांना तो विमा होता: आज जास्त केले तर उद्या तेच किमान ठरेल.

बक्षिसानंतर लगेच उद्दिष्ट वाढवणाऱ्या साहेबाला पुढच्या वर्षी खरे आकडे मिळत नाहीत. जिंकणाऱ्याला एक वचन लेखी द्यावे: तुझा विक्रम कोणाच्या गळ्यातला फास होणार नाही.

*

जे काम माणूस आपण होऊन करत होता, त्यावर बक्षीस ठेवताना हात आवरावा.

अमेरिकेतल्या एका औद्योगिक धुलाई कारखान्यात वेळेवर येणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवले होते. उशिरा येणारे काही काळ वेळेवर येऊ लागले. पण संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की आधीपासून वेळेवर येणाऱ्यांचा वक्तशीरपणा ढिला पडला होता, आणि त्यांचे कामही मंदावले होते. इतकी वर्षे ते वेळेवर येत होते तेव्हा कोणाला कौतुक नव्हते. आता बेशिस्तांना बक्षीस मिळत होते.

बक्षीस जाहीर झाले की पहिला प्रश्न उशिरा येणाऱ्याच्या मनात उठत नाही. तो रोज वेळेवर येणाऱ्याच्या मनात उठतो: मग आजवर मी काय करत होतो?

*

टाळ्या मिळवणारे आणि काम ओढणारे वेगळे असतात, हे विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको. पटाची जोडी काही सेकंदांत धावपट्टी संपवते आणि गर्दी वेडी होते. पण पटाचे बैल वेगळे पोसतात, वेगळे जपतात. त्यांना कोणी वखराला जुंपत नाही. शेत होते ते दुसऱ्या जोडीवर, जिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. कार्यालयातल्या स्पर्धाही बहुधा पटाची जोडी शोधतात आणि वखराचे काम तिने करावे अशी अपेक्षा धरतात.

*

स्पर्धेचा काळ कामाने ठरवावा, कॅलेंडरने नव्हे.

पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली. स्पर्धेआधी गावातल्या निवडक माणसांचे प्रशिक्षण झाले. मग उन्हाळ्यात ठरावीक दिवस श्रमदान. २०१७ मध्ये तीस तालुके उतरले, आणि पहिले बक्षीस, पन्नास लाख रुपये, आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने मिळवले. कोलामांचे छोटे गाव. आंजीवरून जाणारा रस्ता त्याच तालुक्यात पोचतो.

चर खोदण्यासाठी काही आठवडे पुरतात. पावसाळ्याआधी काम संपलेच पाहिजे, म्हणून मुदत आभाळाने ठरवलेली होती आणि ती कोणालाच खोटी वाटली नाही. पण पाणी अडवल्यावर ते कोणत्या पिकाला द्यायचे, किती द्यायचे, गवत राखायचे की चारायचे, हे काही आठवड्यांत ठरत नाही. २०१९ नंतर संस्थेने वॉटर कप थांबवला. आधी दीड वर्षांची समृद्ध गाव स्पर्धा आणली, मग २०२२ पासून शेतकऱ्यांच्या गटांसाठी फार्मर कप. शिखरावर असलेली स्पर्धा बंद करण्याचे धाडस फार थोडे आयोजक दाखवतात. बहुतेक ठिकाणी स्पर्धा मरते आणि समिती जगते.

*

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन रस्त्यावर आली. ते खरे होते. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. अनेक गावांना तो मिळाला, वेशीवर फलक लागले, आणि नंतरच्या पाहण्यांत दिसले की पुरस्कारानंतर पुष्कळ ठिकाणी लोक पुन्हा उघड्यावर जाऊ लागले. गाव वाईट नव्हते. पुरस्कार एकदाच मिळायचा होता, शौचालय रोज वापरायचे होते.

एकदा मिळून कायमचे राहणारे बक्षीस रोजच्या कामाला लावू नये. रोजच्या कामाला फिरती ढाल बरी. ती हातात आहे तोवर जायची भीती असते.

तपासणीच्या आठवड्यात फिनाइलचा वास येत असेल तर स्पर्धा फिनाइलची झाली. न सांगता येणाऱ्या परीक्षकाची एक फेरी सांगून येणाऱ्याच्या दहा फेऱ्यांहून अधिक शिकवते.

*

दीर्घ काळाची अट कशी लिहावी, याचा धडा खादीच्या परंपरेत आहे. गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. तेव्हाचे लाख. अटी अशा: चरखा खेड्यातल्या घरात हाताने वा पायाने चालावा, बाईला आठ तास फारसे न थकता कातता यावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, आणि वेळोवेळी निगा राखली तर तो वीस वर्षे चालावा, तीही निगा स्वस्तात व्हावी. किर्लोस्करवाडीच्या आधाराने गणेश भास्कर काळे यांनी केलेले यंत्र चाचणीपर्यंत पोचले. सर्व अटी पुऱ्या झाल्या नाहीत. बक्षीस दिले गेले नाही.

यातल्या दोन गोष्टी आजच्या आयोजकांना जमत नाहीत. अटी लिहितानाच विसाव्या वर्षाचा विचार करणे ही पहिली. कोणीच पात्र नसेल तर रक्कम तिजोरीत परत ठेवणे ही दुसरी. दरवर्षी कोणाला तरी दिलेच पाहिजे असे बक्षीस हळूहळू पाळीने मिळू लागते.

*

आणखी एक धडा वर्ध्याजवळच्या नालवाडीचा. चरखा चालवणाऱ्याला किती मजुरी मिळावी यावर चर्चा चालू असताना विनोबांनी तिथे १९३५ मध्ये दिवसाला आठ तास कातून त्या मजुरीत जगून पाहण्याचा प्रयोग केला. त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण घेतले.

स्पर्धेचे नियम करणाऱ्याने पहिला महिना त्या नियमांखाली स्वतः काम करावे. निम्मे नियम तो स्वतःच खोडेल.

*

बक्षिसाची रक्कम जेवढी मोठी, तेवढे गुणपत्रिकेवरचे भांडण मोठे. रक्कम लहान ठेवा, मान मोठा ठेवा. मान द्यायला खर्च येत नाही, म्हणून तो देताना सगळ्यात जास्त काटकसर होते.

बक्षीस साहेबाच्या हातून मिळाले तर त्याचा फोटो निघतो. सोबत काम करणाऱ्यांच्या हातून मिळाले तर त्याची आठवण राहते.

कालच्या स्वतःशी केलेल्या स्पर्धेत कोणी हरत नाही, असे म्हणतात. हे खरे नाही. वय वाढते, आजारपण येते, घरी म्हातारे असतात; माणूस कालच्या स्वतःकडूनही हरतो. अशा वर्षासाठी नियमात जागा हवी. जी स्पर्धा माणसाचे एक वाईट वर्ष पचवू शकत नाही ती दहा वर्षे चालणार नाही.

प्रत्येक स्पर्धेच्या परिपत्रकात सुरू होण्याच्या तारखेसोबत संपण्याची तारीख असावी. ती आल्यावर विचारावे: बक्षीस काढून घेतले तर काम चालू राहील का? राहणार असेल तर स्पर्धा यशस्वी झाली, ती थांबवा. राहणार नसेल तर स्पर्धा फसली, तीही थांबवा आणि नवी आखा.

*

शेवटी एक गोष्ट नियमांच्या आधीची. स्पर्धा माणसाकडे पगारापलीकडचे काही मागते. ज्याला पगारच वेळेवर मिळत नाही, ज्याचा मोबदला तीन-तीन महिने अडतो, ज्याची नेमणूक दर अकरा महिन्यांनी संपते, त्याच्याकडे पलीकडचे मागण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिथे लावलेली ढाल म्हणजे थकबाकीवर टाकलेले झाकण. ज्या कार्यालयाला स्पर्धा लावायची आहे त्याने आधी सहा महिने सगळ्यांचा पगार पहिल्या तारखेला करून दाखवावा. ते जमले नाही तर परिपत्रक काढू नये.